सर्पभय, सर्पनामे आणि लोकशिक्षण

सापाची भीती ही मानवी मनाच्या अत्यंत जुन्या भीतींपैकी एक होय. ती दूर व्हावी, निदान सौम्य व्हावी, या हेतूने महाराष्ट्रात गेली अनेक दशके व्याख्याने, प्रदर्शने आणि पुस्तिका यांच्या द्वारा प्रयत्न होत आले आहेत. मुंबईच्या हाफकिन संस्थेत सापांवर संशोधन करणारे डॉ. पी. जे. देवरस यांचे भारतीय सापांविषयीचे इंग्रजी पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ साली प्रसिद्ध केले. १९८६ साली पुण्याजवळ कात्रज येथे सर्पोद्यान उभे राहिले आणि शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी काचेपलीकडचा जिवंत साप तेथे प्रथम पाहिला. तथापि शेतात, गोठ्यात वा घराच्या वळचणीला निघालेला साप कोणत्या जातीचा आहे, हे पाहण्यापूर्वीच ठेचला जातो, हा अनुभव आजही सार्वत्रिक आहे. माहिती पुष्कळ दिली गेली, परंतु भीती तिच्या प्रमाणात हटली नाही. असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः मानसशास्त्रात आणि प्राणिशास्त्रात शोधले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याचा एक अंश भाषेतही दडलेला आहे. साप हा बहुसंख्य लोकांना प्रत्यक्ष दर्शनाने नव्हे, तर शब्दांनी परिचित झालेला प्राणी आहे. त्याची नावे, त्याचे नाव टाळण्याच्या रीती, त्याच्यावरून घडलेले वाक्प्रचार आणि त्याच्या विषाविषयी बोलताना वापरली जाणारी क्रियापदे यांतून एक संपूर्ण समजूत पिढ्यान्‌पिढ्या पुढे जात असते. जो शिक्षक ही भाषा जाणत नाही, त्याचे व्याख्यान श्रोत्यांच्या समजुतीला स्पर्श न करता तिच्या शेजारून निघून जाते.

भीती उपजत की शिकलेली?

माणूस सापाला भिऊनच जन्माला येतो, असे मत पूर्वी पुष्कळांनी मांडले आहे. गेल्या अर्धशतकातील प्रयोगांनी या मताला महत्त्वाची मुरड घातली आहे. प्रयोगशाळेत जन्मलेली व वाढलेली माकडे सापाला पाहून सहसा घाबरत नाहीत, असे सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांना १९८० च्या दशकात दिसून आले. परंतु दुसरे माकड सापापुढे घाबरत असल्याचे दृश्य दाखविले की, ती अल्पावधीत घाबरू लागत. उलट, चित्रफितीची जुळणी बदलून तेच घाबरलेले माकड जणू फुलाला भीत आहे असे दाखविले, तेव्हा पाहणारी माकडे फुलाला भिण्यास शिकली नाहीत. तात्पर्य, भीती स्वतः उपजत नसली, तरी ती त्वरेने शिकण्याची सिद्धता उपजत असावी.

मनुष्यशिशूंविषयीचा जुडी डिलोच आणि व्हॅनेसा लोब्यू यांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग भाषेच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटेल. वर्ष-दीड वर्षाच्या आतील बालकांना सापांची आणि इतर प्राण्यांची चित्रफीत एकाच वेळी दाखविण्यात आली, आणि सोबत कधी भ्यालेल्या तर कधी आनंदी माणसाचा आवाज ऐकविण्यात आला. भ्यालेला आवाज ऐकताना बालके सापाकडे अधिक वेळ पाहत राहिली. केवळ साप दिसला म्हणून ती भ्याली, असे मात्र आढळले नाही. म्हणजे शब्दाचा अर्थ कळण्यापूर्वीच आवाजातील कंप आणि समोरची आकृती यांची सांगड मुलाच्या मनात पडू लागते. घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून पहिल्यांदा 'साप!' हा उद्गार ज्या स्वरात निघतो, तो स्वर हाच मुलाचा सर्पविषयक पहिला धडा ठरतो. पुढे शाळेत मिळणाऱ्या धड्याला या पहिल्या धड्याशी झुंजावे लागते.

नाव न घेण्याची रीत

भयावह वस्तूचे नाव उच्चारल्यास ती वस्तूच प्रकट होते, ही समजूत जगातील अनेक भाषिक समाजांत आढळते. रशियन भाषेत अस्वलाचे मूळ नाव लोपले आणि 'मध खाणारा' या अर्थाचा 'मेदवेद' हा शब्द त्याच्या जागी आला. बंगालमध्ये रात्री सापाला 'लता' म्हणतात. मराठी बोलींतही सापाला 'जनावर' किंवा 'लांबडे' म्हणण्याची आणि सर्पदंश झाला असे न म्हणता 'पान लागले' असे म्हणण्याची रीत आहे. 'दिवेलागणीनंतर सापाचे नाव घेऊ नये' हा दंडक पुष्कळ घरांत अजून पाळला जातो.

याचे मूळ केवळ ग्रामीण बोलीत आहे असे नाही. संस्कृतातील सापाची नावे पाहिली, तर त्यांतील बहुतेक वर्णनवाचक आहेत. 'सर्प' म्हणजे सरपटणारा, 'उरग' म्हणजे छातीने जाणारा, 'भुजग' म्हणजे वाकडा जाणारा. अमरकोशातील पातालभोगिवर्गात अशा नावांची मालिकाच आढळते. याउलट 'अहि' हा शब्द लॅटिन 'अँग्विस' आणि अवेस्तातील 'अझि' यांचा सगोत्र असून प्राचीन आहे. मराठीच्या रोजच्या व्यवहारात मात्र तो उतरला नाही. या वर्णनवाचक नावांतून सूक्ष्म निरीक्षणही दिसते. सापाला बाह्य कान नाही हे पूर्वजांनी पाहिले होते, म्हणूनच त्यांनी त्याला 'चक्षुःश्रवा', म्हणजे डोळ्यांनी ऐकणारा, म्हटले. निरीक्षण अचूक होते, स्पष्टीकरण मात्र चुकले.

नाव टाळण्याच्या रीतीचा व्यावहारिक परिणाम गंभीर आहे. 'जनावर' या एका शब्दात धामणही येते आणि मण्यारही. भेद करण्याची साधने भाषेत असूनही ती वापरली जात नाहीत, कारण भेद करण्यासाठी नाव घ्यावे लागते. मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास होतो. वेदना व सूज फारशी नसते, आणि दाताची खूणही पुष्कळदा दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळणे व बोलणे कठीण होते. अशा वेळी घरची माणसे 'काहीतरी लागले असेल' एवढेच म्हणून थांबली, तर जाणारा प्रत्येक तास जिवावर बेततो. येथे संदिग्ध शब्द हा केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही.

नावांतील घोटाळे

भारतात सापांच्या ३०० हून अधिक जाती आहेत. त्यांपैकी सर्पदंशाच्या बहुसंख्य मृत्यूंस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारच जाती कारण असल्याचे मानले जाते, आणि भारतात मिळणारे बहुगुणी प्रतिसर्पविष याच चार जातींच्या विषावर तयार केले जाते. म्हणून लोकशिक्षणाचा पहिला पाठ हा चार नावे व चार रूपे यांचा असावयास हवा. परंतु या चार नावांच्या अवतीभोवती भाषेने काही सापळे रचलेले आहेत.

'घोणस' हे नाव घ्या. खरी घोणस अत्यंत विषारी आहे. तिच्या पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात आणि डिवचल्यावर ती दीर्घ व मोठा फूत्कार टाकते. 'डुरक्या घोणस' हा मात्र पूर्णतः बिनविषारी साप असून त्याच्या अंगावर वेडेवाकडे डाग आणि मागे आखूड शेपटी असते. एकच नाव दोघांना मिळाल्यामुळे निरुपद्रवी जीव मारला जातो, एवढाच तोटा नाही. 'ही साधी घोणस आहे' असे समजून विषारी घोणशीला हात लावला जाण्याचा धोका त्यात अधिक आहे. अजगराचे पिल्लू समजून घोणस उचलण्याची चूकही याच जातीची. मण्यार आणि कवड्या यांचेही तसेच. कवड्याच्या अंगावरील पट्टे मानेपासून ठळक सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात; मण्यारीचे पांढरे, बहुधा जोडीने येणारे पट्टे डोक्याकडे पुसट वा नाहीसे असून शेपटीकडे दाट होत जातात. हा भेद दोन वाक्यांत सांगता येतो, परंतु प्रत्येक नमुन्यात तो तितका स्पष्ट नसतो. म्हणून तो दुरून ओळखण्यासाठी आहे, हाताळण्याच्या परवान्यासाठी नव्हे.

दुसरा घोटाळा व्याकरणातून येतो. मराठीत 'नाग' पुल्लिंगी आणि 'धामण' स्त्रीलिंगी आहे. नाग हा नर आणि धामण ही त्याची मादी, ही सर्वत्र आढळणारी समजूत या लिंगभेदाने पोसली गेली असावी. वास्तविक दोहोंच्या जाती भिन्न आहेत आणि दोहोंत नर-मादी आहेत. नाग-धामणीचा 'समागम' म्हणून जे दृश्य सांगितले जाते, ते पुष्कळदा दोन धामण-नरांची झुंज असते. परिणाम असा की, उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य वाचविणारी बिनविषारी धामण नागाची सोबतीण ठरून मारली जाते. 'मांडूळ' या सापाला मिळालेले 'दुतोंड्या' हे नाव तर त्याच्या जिवावर उठले आहे. त्याची बोथट शेपटी डोक्यासारखी दिसते, एवढेच त्यातील तथ्य. परंतु दोन तोंडांच्या कल्पनेभोवती गुप्तधनाच्या व जादूटोण्याच्या भ्रामक समजुती जमल्या आणि या निरुपद्रवी प्राण्याची चोरटी विक्री होऊ लागली.

विष 'चढते', साप 'डूख धरतो'

नामांपेक्षा क्रियापदांचा प्रभाव अधिक सूक्ष्म असतो. मराठीत विष 'चढते' आणि 'उतरते'. मांत्रिक ते 'उतरवितो'. या रूपकात शरीर म्हणजे एक उभी वाट आणि विष म्हणजे तिच्यावरून वर जाणारा वाटसरू, अशी कल्पना गृहीत आहे. ती एकदा मान्य केली की, वाट अडविण्यासाठी दंशाच्या वर दोरी करकचून आवळणे हे तर्कशुद्धच वाटू लागते. प्रत्यक्षात अशा आवळण्याने रक्तप्रवाह थांबून अवयवास इजा होते, आणि विषप्रसार थांबल्याचा खोटा विश्वास निर्माण होऊन रुग्णालयात जाण्यास विलंब होतो. जखम चिरणे वा चोखणे हेही तितकेच घातक. दंश झालेला अवयव लाकडाच्या पट्टीने स्थिर करणे, रुग्णास चालू न देणे, धीर देणे आणि विनाविलंब रुग्णालयात नेणे, एवढेच करावयाचे असते. साप पकडून वा मारून सोबत नेण्याची गरज नाही. वैद्यक लक्षणांवरून उपचार ठरविते.

मांत्रिकाच्या यशाचे रहस्यही येथे उघड करणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय श्रोत्यांचा अनुभव आणि वक्त्याचे विधान यांचा मेळ बसत नाही. पुष्कळ दंश बिनविषारी सापांचे असतात. शिवाय विषारी सापही काही वेळा विष न सोडता चावतो. अशा सर्व प्रसंगी रोगी मंत्राविनाही वाचलाच असता. 'मंत्राने माणूस वाचला' असे म्हणणारा ग्रामस्थ खोटे बोलत नसतो; तो दोन घटनांच्या क्रमाला कार्यकारणभाव समजत असतो. त्याला खोटे पाडण्यापेक्षा ही उकल करून दाखविणे अधिक फलदायी होते.

'डूख धरणे' हा वाक्प्रचार माणसांच्या वैरासाठी सर्रास वापरला जातो. मूळ कल्पना मात्र सापाच्या सूडाची आहे. सापाच्या मेंदूची रचना पाहता माणसाला ओळखून, लक्षात ठेवून सूड घेणे त्यास शक्य नाही. परंतु शब्द जिवंत आहे तोवर समजूतही जिवंत राहते, आणि 'अर्धवट मारू नये, नाहीतर डूख धरील' या न्यायाने पळून जाणाऱ्या सापाचाही पाठलाग होतो. सर्पदंशाचा पुष्कळ धोका नेमका अशा पाठलागातच असतो.

सुशिक्षितांच्या परिभाषेतही दोष नाहीत असे नाही. प्रतिसर्पविषास अनेक ठिकाणी 'सापाची लस' म्हणतात. लस ही रोगापूर्वी टोचावयाची वस्तू, हा अर्थ लोकांत रुजलेला आहे. प्रतिसर्पविष हे घोड्यांना अल्प मात्रेत विष टोचून त्यांच्या रक्तात निर्माण झालेल्या प्रतिद्रव्यांपासून बनवितात आणि ते विषबाधा झाल्यावरच द्यावयाचे असते. 'लस' या शब्दाने हा भेद झाकला जातो.

भयाची जुनी चिकित्सा

सापाच्या भीतीला स्वतंत्र विकार मानण्याची दृष्टी अर्वाचीन आहे असे समजण्याचे कारण नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सापांचे दर्वीकर, मंडली, राजिमान, निर्विष आणि वैकरंज असे वर्ग केले आहेत. पहिले तीन सामान्यतः अनुक्रमे नाग, घोणस आणि मण्यार यांच्या कुलांशी जुळवून दाखवितात. निर्विष सापांचा स्वतंत्र वर्ग मानणे हेच भीतीवरील पहिले औषध होते. त्याच ग्रंथात, भित्र्या माणसास सापाचा नुसता स्पर्श झाला तरी भयाने वायू कुपित होऊन सूज येते, असे नोंदविले आहे. आणि चरकसंहितेत अंधारात काहीतरी चावल्यावर केवळ विषाच्या शंकेने उद्भवणाऱ्या लक्षणांचे वर्णन असून त्यास 'शंकाविष' म्हटले आहे. वेदान्तातील रज्जुसर्पाचा दृष्टान्त सर्वपरिचित आहे. तेथे दिवा आणला की दोरी दिसते आणि भय जाते. लोकशिक्षणाचा व्यवहार इतका सोपा नाही, कारण येथे दिवा आणल्यावर कधी दोरी दिसते, कधी धामण, आणि कधी खरोखरच मण्यार.

ज्ञान आणि सवय

येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. सामान्य सर्पभय आणि सर्पभयगंड या भिन्न गोष्टी होत. गंड असलेल्या व्यक्तीस चित्रातला सापही सहन होत नाही. साप बिनविषारी आहे हे तिला पटलेले असते, तरी भय ओसरत नाही. अशांसाठी केवळ माहिती अपुरी पडते. अल्बर्ट बंडुरा आणि त्यांचे सहकारी यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरनिराळ्या उपचारपद्धतींची तुलना केली. दुसरी व्यक्ती निर्भयपणे सापाजवळ वावरताना प्रथम पाहणे आणि नंतर तिच्या साहाय्याने पायरीपायरीने स्वतः जवळ जाणे, ही पद्धत सर्वांत परिणामकारक ठरली. भीती जशी दुसऱ्याचे पाहून शिकली जाते, तशी निर्भयताही दुसऱ्याचे पाहून शिकली जाते, हे त्याचे मर्म. म्हणून सर्पोद्यानातील शांत स्वरात बोलणारा मार्गदर्शक हा तेथील माहितीफलकांहून मोठा शिक्षक होय.

परंतु निर्भयता हे अंतिम ध्येय मानले, तर दुसऱ्या टोकाचा धोका उभा राहतो. 'सर्पमित्र' हा अलीकडे रूढ झालेला समास मोठ्या गुणाचा आहे. त्याने वैराच्या जागी मैत्रीची भाषा आणली, आणि अनेक सर्पमित्रांनी वस्तीत आलेले साप सुरक्षित सोडून असंख्य माणसांचे व सापांचे प्राण वाचविले. तथापि 'मित्र' या शब्दाने परस्परत्वाचा भास होतो. सापाला मित्र नसतो. नागाला गळ्यात घालून दाखविणारा वक्ता श्रोत्यांच्या मनातून भीतीसोबत सावधगिरीही काढून टाकतो, आणि असे प्रदर्शन करताना विषारी सापाच्या दंशाने जीव गमावल्याच्या दुर्दैवी घटना महाराष्ट्रात घडल्या आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने सापांना संरक्षण दिले, त्यात प्राण्याबरोबरच माणसाचेही हित आहे.

प्रश्नाची व्याप्ती आकड्यांवरून कळते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मृत्यू पावली, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार. त्यांपैकी बहुसंख्य मृत्यू ग्रामीण भागातील आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाच्या विषबाधेचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला आणि भारत सरकारने २०२४ साली, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करण्याचे उद्दिष्ट ठेवणारी राष्ट्रीय कृतियोजना जाहीर केली. ज्या समाजात सापाची भीती इतकी खोल आहे, त्याच समाजात हे मृत्यू घडतात. भीतीने संरक्षण होत असते, तर असे झाले नसते. सापांच्या संहारानेही ते झालेले नाही. रत्नागिरी जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात सरकारने फुरशी मारण्यास बक्षिसे लावली व ती प्रचंड संख्येने मारली गेली. कोकणात फुरसे आजही आहे. संरक्षण होते ते रात्री विजेरी घेऊन चालण्याने, शेतात पायांत बूट घालण्याने, जमिनीऐवजी खाटेवर मच्छरदाणीत झोपण्याने आणि घराभोवतीचा पालापाचोळा व उंदरांचा उपद्रव दूर करण्याने. या चार सवयी भीतीतून लागत नाहीत. भ्यालेला माणूस साप दिसल्यावर धावतो; सावध माणूस साप दिसण्यापूर्वीच वाट उजळतो.

या कार्यात विद्यापीठांच्या भाषाविभागांना करण्यासारखे एक निश्चित काम आहे. पाणदिवड कोठे विरोळा होते, घोणस हे नाव कोणत्या तालुक्यात कोणत्या सापास लागते, दंश झाल्याचे सांगताना कोणते शब्द टाळले जातात, याची जिल्हावार व बोलीवार नोंद, रंगीत चित्रे दाखवून, पद्धतशीरपणे व्हावयास हवी. प्रमाण मराठीत छापलेले एकच भित्तिपत्रक चंद्रपूरपासून सिंधुदुर्गापर्यंत सारख्याच अर्थाने वाचले जाईल, असे गृहीत धरणे चुकीचे आहे. अशी नामसूची हाती आली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका, ग्रामीण शाळेतील शिक्षक आणि आशा कार्यकर्ती यांना आपापल्या गावच्या शब्दांत बोलता येईल. पहाटे तीन वाजता दारात आलेल्या माणसाने 'पान लागलंय' म्हटले की त्याचा अर्थ त्यांना तत्क्षणी कळेल, आणि सापाचे नाव घेण्यास कचरणाऱ्या घरालाही योग्य प्रश्न योग्य शब्दांत विचारता येईल.